बिघाड कुठे शोधायचा

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी आईची डोळ्यांची तपासणी चुकली. तारीख मी लिहून ठेवली होती. सकाळी नेहमीप्रमाणे अजेंडा उघडला, तर त्यात भाषांतराची दोन प्रकरणे होती, विजेचे बिल होते, आईचे नाव मात्र नव्हते. संध्याकाळी तिनेच विचारले, "आज जायचं होतं ना गं?" तेव्हा फाइल उघडली. मथळा जागेवर होता. तारीखही जागेवर होती, आणि ती त्याच दिवसाची होती. मला धडधडीत दिसणारी ओळ अजेंड्याला दिसत नव्हती.

कारण सापडायला रात्रीचे दोन तास गेले. ऑर्ग-मोडमध्ये 'शेड्युल्ड'ची ओळ मथळ्याच्या लगेच खालीच असावी लागते. मधे काहीही चालत नाही, रिकामी ओळसुद्धा नाही. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी घाईघाईने मथळ्याखाली तिथला फोन नंबर लिहिला, आणि तारखेची ओळ एक घर खाली सरकली. तेवढ्याने ती ऑर्गच्या लेखी नियोजनाची ओळ राहिली नाही, आणि माझा अजेंडा तेव्हा फक्त नियोजनाच्या ओळींतली कामे दाखवत असे. शेवटी 'ऑर्ग-लिंट' ही आज्ञा चालवली. तिने ओळ क्रमांकासकट दाखवून दिले, की नियोजनाची ओळ भलत्या जागी पडली आहे. फोन नंबर खाली नेला, अजेंडा पुन्हा काढला, आणि तपासणी त्यात हजर झाली.

त्या रात्री चुकलेल्या तारखेची हळहळ होतीच, पण बिघाड सापडला याचे समाधान त्याहून वेगळे होते. त्याआधी काही वर्षे मी फोनवरच्या एका ॲपमध्ये नोंदी ठेवत असे. तिथेही नोंदी हरवत. हरवली की 'ॲप बंद करून पुन्हा उघडा' यापलीकडे माझ्या हातात काही नसे. नोंद कुठे साठते, कोणत्या रूपात साठते, कोणत्या नियमाने दिसते किंवा दिसत नाही, यातले काहीच मला पाहता येत नव्हते. ऑर्गमध्ये चूक माझीच होती, पण ती माझ्या फाइलमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर, वाचता येईल अशा अक्षरांत पडलेली होती. हे पुस्तक त्या फरकाविषयी आहे.

ज्यांनी ऑर्ग-मोड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम. त्याचे मूळ १९७६ मधले, अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतले. आज आपण वापरतो तो जीएनयू इमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये लोकांपुढे आणला. ऑर्ग-मोड ही त्यावर उभी केलेली नोंदवही. ती २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक यांनी लिहायला घेतली. हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. इमॅक्समध्ये मुद्द्यांची उतरंड लिहिण्याची सोय आधीपासून होती. ओळीच्या सुरुवातीला एक तारा म्हणजे मुख्य मथळा, दोन तारे म्हणजे पोटमथळा. डॉमिनिक यांनी त्यात एकाच टॅब कळीने मथळा मिटण्या-उघडण्याची सोय घातली, मथळ्यांना कामाची अवस्था आणि तारीख लावता येईल असे केले, आणि अनेक फायलींतून ती कामे गोळा करून दिवसाचा किंवा आठवड्याचा अजेंडा मांडून दिला. २००७ च्या इमॅक्स २२ पासून ऑर्ग इमॅक्ससोबतच येतो. पुढे त्याची देखभाल बास्तियाँ गेरी यांनी केली, आता इहोर राडचेन्को करतात.

एका संशोधकाने स्वतःच्या टाचणांसाठी केलेले साधन इतक्या लोकांच्या उपयोगी पडले, याचे कारण माझ्या मते त्याच्या फाइलमध्ये आहे. ऑर्गची फाइल म्हणजे निव्वळ मजकूर. इमॅक्स नसलेल्या संगणकावर ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते, वाचता येते, छापता येते. तारा हा ताराच राहतो, तारीख ही तारीखच. मथळा मिटणे, रंग, अजेंडा हे सगळे त्या मजकुरावर बाहेरून पडणारे नियम. म्हणून काही बिघडले, की प्रश्न दोनच उरतात: मजकूर चुकला, की नियम चुकला? पुस्तकातली निम्मी प्रकरणे या दोन प्रश्नांभोवती बांधली आहेत.

मजकुरातली चूक शोधणे सोपे. वर सांगितलेली तारखेची ओळ, ताऱ्यापुढे राहून गेलेली मोकळी जागा, मथळ्याआधी चुकून पडलेली एक स्पेस, बंद न केलेला कोडचा ठोकळा, यांतल्या बऱ्याच चुका ऑर्ग-लिंट पकडतो, उरलेल्या नजरेला दिसतात. नियमातली चूक जरा अवघड, कारण नियम अनेक ठिकाणांहून येतात. काही ऑर्गचे मूळचे, काही इमॅक्स सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या तुमच्या इनिट फाइलमधले, काही त्याच फाइलच्या डोक्यावर लिहिलेल्या ओळींतले. फाइलच्या डोक्यावर कामांच्या अवस्था बदलल्या आणि त्या लागू होईनात, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. त्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबले, की त्या लागू होतात. फाइल उघडताना वाचलेला नियम मधेच बदलला, तर तो पुन्हा वाचायला सांगावे लागते, इतकेच.

इनिट फाइलमधल्या बिघाडाची मात्र शिस्तीने चौकशी करावी लागते. पहिली पायरी म्हणजे इमॅक्स कोरा सुरू करणे. टर्मिनलमध्ये इमॅक्सच्या नावापुढे वजा चिन्ह आणि मोठा क्यू लिहिला, की तुमची एकही सेटिंग न घेता तो उघडतो. कोऱ्या इमॅक्समध्ये तोच बिघाड दिसला, तर तो मजकुरात किंवा खुद्द ऑर्गमध्ये. दिसला नाही, तर तो तुमच्या सेटिंगमध्ये. या एका पायरीने कितीतरी रात्री वाचतात, आणि तरीही ती सगळ्यात उशिरा सुचते. दुसरी पायरी निम्म्यानिम्म्याची. इनिट फाइलचा अर्धा भाग बंद करायचा आणि बिघाड राहतो का ते पाहायचे. राहिला तर तो चालू अर्ध्यात, गेला तर बंद केलेल्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. चारशे ओळींची फाइल असली तरी नऊ फेऱ्यांत तुम्ही एका ओळीवर येऊन पोहोचता. हेच काम आपोआप करणारे 'बग-हंटर' नावाचे पॅकेज आहे. पण पहिल्यांदा ते हाताने करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नऊ फेऱ्या करताना आपण आपलीच फाइल वाचतो, आणि त्यातल्या कितीतरी ओळी कशासाठी लिहिल्या होत्या हे आता आठवत नाही, हेही तेव्हाच कळते.

दोन बिघाड इतके नेहमीचे आहेत, की त्यांना इथेच जागा देते. एक, अजेंड्यातल्या फायलींची यादी. ती इनिट फाइलमध्ये हाताने लिहिता येते, आणि चालू फाइल कंट्रोल-सी व डाव्या चौकटी कंसाने यादीत जोडताही येते. हा दुसरा मार्ग आपली यादी इनिट फाइलच्याच एका वेगळ्या भागात, इमॅक्स स्वतः लिहितो त्या भागात, साठवतो. दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले, तर इमॅक्स सुरू होताना जी यादी नंतर वाचली जाते ती आधीची पुसते. आज जोडलेली फाइल उद्या सकाळी नाहीशी, हा प्रकार बहुतेक वेळा यामुळे होतो. दोन्हींपैकी एक मार्ग धरावा आणि दुसरा सोडावा. याच यादीत फोल्डरचे नाव दिले, तर त्यातल्या ऑर्ग फायली वाचल्या जातात, पण पोटफोल्डरमधल्या वाचल्या जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. दुसरा बिघाड दोन व्हर्जनच्या भेसळीचा. इमॅक्ससोबत आलेला ऑर्ग आधी लोड होतो, मग तुम्ही वेगळा घेतलेला नवा ऑर्ग त्यावर येऊन बसतो, आणि अर्ध्या आज्ञा जुन्या, अर्ध्या नव्या अशी अवस्था होते. एरर अशी येते, की तिचा तुमच्या कामाशी काही संबंधच लागत नाही. अलीकडच्या ऑर्गमध्ये अशा भेसळीची सूचना मिळते. उपाय असा: नवा ऑर्ग इनिट फाइलमध्ये सगळ्यात वर लोड करायचा, आणि तो बसवताना इमॅक्स नव्याने उघडून, ऑर्गला हात न लावता बसवायचा.

आता ज्या भागासाठी हे पुस्तक मराठीतच लिहायला हवे होते तो. ऑर्गवर इंग्रजीत पुष्कळ लिहिलेले आहे, त्याची स्वतःची मार्गदर्शिका उत्तम आहे, आणि वर सांगितलेले सगळे तिथे सापडेल. पण मराठी मजकूर घेऊन ऑर्गमध्ये बसलेल्या माणसाला जे अडते, ते तिथे कोण लिहिणार? ते आपल्यालाच आधी भेटते.

तारखेपासूनच सुरुवात होते. मराठी कळफलक चालू ठेवून हाताने तारीख लिहिली, की अंक देवनागरी पडतात. डोळ्याला तारीख अगदी नीट दिसते. ऑर्ग मात्र तारीख इंग्रजी अंकांतच ओळखतो. देवनागरी अंकांतली तारीख त्याच्यासाठी तारीखच नसते, आणि काम अजेंड्यात येत नाही. तारीख नेहमी ऑर्गच्या आज्ञेने घालावी, म्हणजे ही अडचण उद्भवत नाही. संगणकाची भाषा मराठी असली, तर ती आज्ञा वाराचे नाव मराठीत घालते. त्याने काही बिघडत नाही, पण तीच फाइल कार्यालयातल्या इंग्रजी संगणकावरही वापरली, तर निम्मे वार मराठी आणि निम्मे इंग्रजी होतात. कोणती भाषा हवी ते एका ओळीच्या सेटिंगने ठरवून टाकावे.

मग ठळक अक्षरांचा प्रश्न. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा लावला, की ऑर्ग तो ठळक करतो. अट अशी, की शेवटच्या ताऱ्यानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवे. इंग्रजीत ही अट सहसा जाणवत नाही, कारण तिथे संबंध दाखवणारे शब्द सुटे असतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो. 'आजच' मधला 'आज' ठळक करायचा, तर दुसऱ्या ताऱ्याला लगेच 'च' भिडतो, ऑर्ग ती खूण मानत नाही, आणि दोन्ही तारे तसेच कागदावर उमटतात. ऑर्गची मार्गदर्शिका अशा वेळी शून्य रुंदीची मोकळी जागा घालायला सांगते; ती दिसत नाही, पण ऑर्गला मोकळी जागा म्हणून पुरते. 'आजच'ला हा उपाय चालतो. 'घरात'ला चालत नाही. तिथे ताऱ्यानंतर 'च'सारखे अक्षर येत नाही, नुसता काना येतो, आणि काना एकटा उभा राहू शकत नाही. तो ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला दिसतो. माझा सल्ला साधा आहे: मराठीत प्रत्ययासकट पूर्ण शब्द ठळक करा. छपाईतही तेच जास्त बरे दिसते. खुणेचा नियमच बदलून टाकण्याचे मार्ग काही जण सुचवतात, पण तसे केले की तुमची फाइल तुमच्याच संगणकावर नीट दिसते आणि दुसऱ्याच्या संगणकावर वेगळी. ते मला पटत नाही.

सगळ्यात हट्टी बिघाड शोधाचा. एका कादंबरीच्या भाषांतरासाठी मी शब्दांची फाइल ठेवली होती, दीडेक हजार नोंदींची. त्यात 'कोपऱ्यात' हा शब्द मी नक्की लिहिला होता, आणि शोध तो नाही म्हणत होता. मी फाइल वरून खाली वाचत गेले. शब्द सापडला, शोधाच्या चौकटीतल्या शब्दाहून त्यात तिळमात्र फरक दिसत नव्हता. मग त्या अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचे चिन्ह दाबले. इमॅक्स त्या अक्षराची सगळी माहिती सांगतो. 'ऱ्या' तला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्हींतून पडद्यावर एकच आकार उमटतो, पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती वेगवेगळी अक्षरमालिका असते. माझी निम्मी फाइल घरच्या कळफलकावर लिहिलेली होती, निम्मी फोनवर. 'ॲ'ची गोष्ट तशीच: एक सलग अक्षर, आणि दुसरे 'अ'वर चंद्र देऊन केलेले. हाच अदृश्य जोड टॅगमध्ये आला, तर टॅगच मोडतो, कारण टॅगमध्ये अक्षरे, अंक आणि दोनचार ठरावीक चिन्हेच चालतात, आणि ते जोडचिन्ह यांपैकी काहीच नाही. 'नोकऱ्या' असा टॅग एका मथळ्यावर चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. पाचव्या प्रकरणात फाइल जतन करताना ही दोन रूपे एक करणारी छोटीशी आज्ञा दिली आहे. पुस्तकातली दुसरी कोणतीही गोष्ट घेतली नाही तरी चालेल, ती मात्र जरूर घ्या.

तक्त्यांबद्दल आणि छापील प्रतीबद्दल इथे थोडेच सांगते. तक्त्याच्या उभ्या रेघा मराठी मजकुराने वेड्यावाकड्या होतात, कारण ऑर्ग स्तंभाची रुंदी अक्षरांच्या ठरावीक मापाने मोजतो आणि जोडाक्षरे त्या मापात बसत नाहीत. 'व्हॅलाइन' हे पॅकेज पडद्यावरच्या प्रत्यक्ष रुंदीने मोजते, त्याने बरेचसे निभावते. पीडीएफ काढताना ऑर्ग मुळात ज्या लाटेक इंजिनाकडे फाइल पाठवतो, ते देवनागरीपाशी अडते. तिथे झीलाटेक निवडून देवनागरी फॉन्टचे नाव द्यावे लागते. आणि जोडाक्षरे पडद्यावरच तुटत असतील, तर आधी इमॅक्सचे व्हर्जन पाहा. २०२० च्या इमॅक्स २७ पासून अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ या लायब्ररीकडे गेले, त्यानंतर हा त्रास खूपच कमी झाला.

दुरुस्तीनंतर जुळवणी. पुस्तकात या दोन गोष्टी मी वेगळ्या भागांत ठेवल्या नाहीत, कारण माझ्या अनुभवात त्या एकाच ठिकाणाहून येतात. काहीतरी बोचते, ते का बोचते हे कळते, मग ते बदलता येते. दुसऱ्याची सजवलेली इनिट फाइल उचलून आणणाऱ्याला बोचण्याआधीच बदल मिळतात, आणि बिघाड आला की कोणती ओळ कशासाठी आहे हे सांगता येत नाही. म्हणून इथले प्रत्येक सेटिंग एका अडचणीच्या पोटात दिले आहे.

माझ्या कामांच्या अवस्था 'करायचे', 'पाठवले', 'थांबले' आणि 'झाले' अशा मराठीत आहेत. पहिले काही महिने मी इंग्रजी शब्दच ठेवले होते. 'पाठवले' या अवस्थेची गरज भाषांतराच्या कामातून आली: मजकूर माझ्या हातून गेला आहे, पण संपादकांकडून परत आलेला नाही. ते ना करायचे होते, ना झालेले. ही अवस्था घातल्यावर कोणाकडे काय अडकले आहे हे एका यादीत दिसू लागले, आणि संपादकांना फोन करताना मला आठवावे लागेनासे झाले.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांच्या खुणा तीन आहेत, आणि त्यांतला फरक घरच्या कामांवरच चांगला कळतो. तारखेपुढे एक अधिक चिन्ह आणि महिन्याचा आकडा लिहिला, तर काम झाले म्हटल्यावर तारीख बरोबर एकाच महिन्याने पुढे जाते. सोसायटीचा देखभाल खर्च तीन महिने थकला असेल, तर तो तीनदा भरायचा आहे, म्हणून त्याला ही खूण. दोन अधिक चिन्हे लिहिली, तर तारीख मागे राहिलेले सगळे ओलांडून पुढच्या येणाऱ्या दिवसावर जाते, वार तोच ठेवून. दर गुरुवारी ग्रंथालयात जायचे असेल आणि तीन गुरुवार चुकले, तर चौथ्या गुरुवारी एकदाच जायचे असते. आणि टिंब व अधिक असे लिहिले, तर मोजणी काम प्रत्यक्ष केले त्या दिवसापासून सुरू होते. पाण्याची टाकी धुणे याच प्रकारातले. दोन आठवडे उशिरा धुतली, तर पुढची पाळी आज धुतल्यापासूनच मोजायला हवी. मी कितीतरी दिवस सगळीकडे पहिलीच खूण वापरत होते, आणि अजेंड्यात न गेलेल्या गुरुवारांचा ढीग साचत होता. तो ढीग पाहून अजेंडा उघडावासा वाटेनासा होतो, आणि तिथून माणूस वहीच सोडून देतो. साधन सोडण्याची कारणे पुष्कळदा अशी एका चिन्हाएवढी असतात.

सणांचे तसेच. इमॅक्ससोबत येणारे कॅलेंडर हिब्रू, इस्लामी, चिनी, पर्शियन, अगदी मायन कालगणनासुद्धा जाणते, पण आपली तिथी जाणत नाही. सुट्ट्यांची मूळ यादी अमेरिकेची. १ मे, १९ फेब्रुवारी असे ठरलेल्या तारखेचे दिवस एकेका ओळीने कायमचे घालता येतात. गणेश चतुर्थी, पाडवा, दिवाळी यांच्या तारखा मी दर जानेवारीत पंचांग समोर ठेवून हाताने लिहिते. अर्ध्या तासाचे काम आहे. ते करताना आई शेजारी बसून तारखा वाचून दाखवते, आणि तिच्या तपासण्या आम्ही त्याच बैठकीत लावतो.

हे पुस्तक प्रोग्रामरांसाठी नाही असे म्हणणार नाही, पण लिहिताना माझ्यासमोर भाषांतरकार, शिक्षक, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आणि घर सांभाळून दुसरे काही करणारी माणसे होती. इमॅक्सची सेटिंग ज्या भाषेत लिहितात ती लिस्प येण्याची गरज नाही; लागेल तेवढे जागच्या जागी समजावले आहे. सगळे नमुने मी इमॅक्स ३० आणि त्यासोबत येणाऱ्या ऑर्ग ९.७ वर, कोरा इमॅक्स उघडून चालवून पाहिले आहेत. प्रकरणे क्रमाने वाचायची नाहीत. जे अडले असेल ते उघडा.

फक्त सुरुवात करण्याआधी एक करा. आपल्या ऑर्ग फायलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. त्या प्रतीत 'शेड्युल्ड'ची मागची तारीख लावलेले, अजून न झालेले एखादे काम निवडा, मथळा आणि तारखेच्या ओळीमध्ये एक रिकामी ओळ घाला, आणि त्या प्रतीचा आजचा अजेंडा काढा. थकलेले काम आजच्या दिवसात दिसायला हवे, पण ते दिसणार नाही. आता त्याच फाइलमध्ये मेटा-एक्स दाबून ऑर्ग-लिंट चालवा, आणि तो कोणत्या ओळीकडे बोट दाखवतो ते पाहा.